उत्तरेचा उजेड

चंडीगडच्या पहिल्या टप्प्यातला शेवटचा क्रमांक सेक्टर 30 चा. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात 1 ते 30 हे सेक्टर (13 हा आकडा वगळून) दीड लाख लोकांसाठी आखले होते. त्यांत वस्ती विरळ होती आणि झाडांना भरपूर जागा सोडलेली होती. 31 पासून पुढचा दुसरा टप्पा बराच दाट आहे. सेक्टर 30 मधला बराच भाग केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या आवाराने व्यापला आहे. ही संस्था 1959 मध्ये दिल्लीत स्थापन झाली आणि 1962 मध्ये इथे आली. तेजस विमानाच्या वैमानिकाला नजर खाली न वळवता समोरच्या काचेवरच वेग आणि उंची ज्यामुळे वाचता येते, ते हेड-अप डिस्प्ले इथे घडलं. याच आवारात 1963 पासून इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर आहे. तिथे मुलं लेथवर आणि मिलिंग मशीनवर सूक्ष्म मापाचं काम शिकतात.

इथून पूर्वेला निघालं की सेक्टर 29 लागतो, मग पूर्व मार्ग, आणि त्यापलीकडे इंडस्ट्रियल एरिया. शहर आणि कारखाने यांच्यामध्ये झाडांचा रुंद पट्टा असावा, हे आराखड्यातच ठरलेलं होतं. धूर, खडखडाट, ट्रक त्या बाजूला. घरं, शाळा, बागा या बाजूला. हिरवळीची जबाबदारी ज्यांनी उचलली त्या डॉ. महिंदरसिंग रंधावा यांनी कोणत्या रस्त्यावर अमलतास आणि कोणत्या रस्त्यावर गुलमोहर, इथपर्यंत विचार केला. कारखान्यांच्या वाट्याला मात्र तो विचार फारसा आला नाही. ती कामाची जागा होती, तिथे राहायला किंवा फिरायला कुणी जाणार नव्हतं.

2005 मध्ये प्रशासनाने इंडस्ट्रियल एरियातल्या भूखंडांना व्यापारी वापरासाठी बदलून घेण्याची मुभा दिली. 2008 मध्ये ती योजना मागे घेण्यात आली, पण मधल्या काळात जे व्हायचं ते झालं. हॉटेलं आली, शोरूम आल्या, मॉल आले. 2013 मध्ये उघडलेला एलांटे मॉल याच भागात आहे. या बदलात बहुतेक ठिकाणी जुनी शेड पाडून नवी इमारत उभी राहिली. त्यानंतर त्या नव्या, बंद, वातानुकूलित इमारतीत निसर्गाची आठवण म्हणून कुंड्या, कृत्रिम धबधबे आणि प्लास्टिकच्या वेली आल्या. मला हा क्रम उलटा वाटतो आणि त्याचं वाईटही वाटतं. पाडलेल्या शेडमध्ये उजेड, वारा, सावली आणि उंची यांचा पक्का हिशेब होता, कारण त्या काळी वीज महाग होती आणि यंत्रावर काम करणाऱ्याला दिसणं गरजेचं होतं. जुन्या औद्योगिक इमारतीचं अंतरंग निसर्गाशी जोडायचं असेल तर पहिलं काम म्हणजे तो जुना हिशेब वाचणं. झाडं आणण्याची वेळ त्यानंतर येते.

हिशेबाची सुरुवात छपरापासून करू. मुंबईच्या गिरणगावातून ट्रेनने गेलेल्या प्रत्येकाने करवती छप्पर पाहिलेलं आहे: एक उतरती बाजू पत्र्याची किंवा कौलांची, दुसरी उभी बाजू काचेची, आणि असे दात एकामागे एक. काचेची बाजू शक्यतो उत्तरेकडे असते. दक्षिणेकडचा उजेड ऊन घेऊन येतो, उत्तरेकडचा मात्र आकाशाचा असतो. तो मंद आणि सारखा असतो, त्यात तिरीप नसते, आणि सकाळी नऊला व दुपारी तीनला सावल्या जवळपास तशाच राहतात. तुटलेला धागा शोधणाऱ्या साचेवाल्याला हाच उजेड हवा असतो, आणि चित्रकाराला, शिंप्याला, दिवसभर कागद वाचणाऱ्यालाही. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मुंबईत, सोलापुरात, नागपुरात अशा उजेडाखाली लाखो माणसांनी काम केलं.

या उजेडालाही गावानुसार खोड असते. मुंबई 19 अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तिथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला सरकतो, त्यामुळे त्या काळात उत्तरेच्या काचेतूनही थोडं ऊन आत येतं. जूनमध्ये ढग येतात म्हणून ते फार जाणवत नाही. चंडीगड 31 अंशांच्या जवळ आहे. तिथे माध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. मात्र उन्हाळ्यात तो ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ उत्तरेची काच तापते. एका शहरातलं छप्पर दुसऱ्या शहरात जसंच्या तसं चालत नाही, आणि अंतरंगाची रचना करणाऱ्याने पहिल्या दिवशी होकायंत्र घेऊन जागेवर जावं, हे मी आग्रहाने सांगतो. जुन्या शेडमध्ये बऱ्याचदा या काचा काळ्या रंगाने रंगवलेल्या किंवा पत्रा ठोकून बंद केलेल्या दिसतात. कधी ते युद्धकाळातल्या ब्लॅकआउटचं काम असतं, कधी नंतर बसवलेल्या एसीसाठी केलेलं. त्या काचा खरवडून मोकळ्या केल्या की शेड पुन्हा शेड होते. त्याचा खर्च एका मोठ्या शोभेच्या भिंतीपेक्षा कमीच येतो.

दुसरी गोष्ट हवा. शेड उंच असते, कारण वर शाफ्ट, पट्टे आणि क्रेन फिरायची. त्या उंचीचा दुसरा उपयोग असा की तापलेली हवा वर जाते, छताजवळच्या फटींतून बाहेर पडते आणि खालच्या खिडक्यांतून तुलनेने थंड हवा आत ओढली जाते. खालचं आणि वरचं तोंड यांत जितकं अंतर जास्त, तितकी ही ओढ जोरदार. पुष्कळ नूतनीकरणांत पहिल्याच आठवड्यात फॉल्स सीलिंग लावून ही उंची अर्धी केली जाते. मग थंडाव्यासाठी यंत्रं लागतात, आणि कोंडल्यासारखं वाटतं म्हणून हिरवा रंग लावला जातो.

तिसरी गोष्ट ओलावा, आणि इथे इतिहास जरा बोचरा आहे. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. विदर्भातला उन्हाळा कोरडा ठणठणीत. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं, ताणा तटातट तुटतो. त्या मिलमध्ये हवेत पाण्याचा फवारा सोडणारी ह्युमिडिफायरची यंत्रणा आणि आगीसाठी स्प्रिंकलर बसले, आणि देशातल्या गिरण्यांत ते फार लवकर झालं असं मानलं जातं. पुढे जवळजवळ सगळ्याच गिरण्यांत हवा ओली ठेवण्याची सोय झाली. ओलावा मोजला जायचा तो सुतासाठी. माणसाच्या छातीत जाणारा कापसाचा तूस मोजायला पुढे कित्येक दशकं लागली, आणि बायसिनोसिसने फुप्फुसं निकामी झालेल्या कामगारांची पिढी गिरणगावाने पाहिली. निसर्ग इमारतीत आणता येतो हे गिरणीमालकांना पक्कं ठाऊक होतं. तो कोणासाठी आणायचा, एवढाच प्रश्न होता. आज आपण त्याच शेडमध्ये माणसांसाठी हवा, उजेड आणि ओलावा मागतो, तेव्हा ती त्या जागेची बरीच जुनी थकबाकी फेडली जात असते.

आता झाडांकडे वळू. झाडाकडे पाहून माणसाला बरं वाटतं, याला कवींच्या साक्षीपलीकडेही पुरावा आहे. रॉजर उलरिक या अमेरिकी संशोधकाने 1984 मध्ये एक छोटा पण फार गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सारख्या वयाच्या, सारख्या प्रकृतीच्या 23 जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. 46 माणसांवरून जगाचा नियम बांधता येत नाही. तरी रुग्णालयांच्या आणि कार्यालयांच्या रचनेत खिडकीबाहेर काय दिसतं याकडे गांभीर्याने पाहायला त्यानंतर जोर आला. त्याच वर्षी एडवर्ड विल्सन या मुंग्यांच्या अभ्यासकाचं ‘बायोफिलिया’ हे पुस्तक आलं, आणि सजीवांकडे माणसाची ओढ उपजत असते हा विचार वास्तुरचनेत रुजला.

याच्याबरोबर एक गैरसमजही रुजला, तो दूर केलेला बरा. घरातली झाडं हवा शुद्ध करतात, असं नर्सरीवाले सांगतात आणि त्यासाठी नासाचं नाव घेतात. 1989 चा तो प्रयोग खरा आहे, पण तो लहान बंद पेट्यांमध्ये झाला. खऱ्या खोलीत दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. 2019 मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून मांडणी केली. साध्या वायुवीजनाने जेवढी हवा स्वच्छ होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडं लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे मनीप्लांट मनासाठी लावावा आणि फुप्फुसांसाठी खिडकी उघडावी.

झाडांना उजेडही लागतो, आणि आपला डोळा त्याबाबत फसवा असतो. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, ढगाळ दिवशी बाहेर दहा हजार, आणि ऑफिसच्या टेबलावर 300 ते 500. डोळ्याला हा फरक दोन-चार पटींचा वाटतो, झाडाला तो उपासमारीचा असतो. म्हणून लॉबीतली झाडं दर दोन-तीन महिन्यांनी गुपचूप बदलावी लागतात. ग्लिसरीनमध्ये टिकवून ठेवलेल्या शेवाळाच्या भिंती हल्ली फार दिसतात. ते शेवाळ मेलेलं असतं, त्याला पाणी घालायचं नसतं, आणि तेच त्याचं आकर्षण म्हणून विकलं जातं. अशा भिंतीने आवाज थोडा शोषला जातो, ते चांगलंच. पण जिवंत वस्तूची वाढ, पानगळ आणि नवी पालवी आपल्याला ओढते, आणि हे शेवाळ त्यातलं काहीच करत नाही. करवती छपराखालच्या जागेला मात्र खराखुरा आकाशाचा उजेड मिळतो, म्हणून तिथे झाडं जगतात. झाडांची जागा ठरवण्याआधी छप्पर वाचायचं ते यासाठीच.

हा विचार मला ज्या इमारतीत सगळ्यात पूर्ण झालेला दिसतो ती ब्राझीलमध्ये, साओ पाउलो शहरात आहे. पोम्पेया भागात लोखंडी पिंपांचा जुना कारखाना होता. तो पाडून तिथे कामगार कुटुंबांसाठी क्रीडा आणि संस्कृतीचं केंद्र बांधायचं ठरलं. 1977 मध्ये हे काम लीना बो बार्दी यांच्याकडे आलं. इटलीत जन्मलेल्या आणि ब्राझीलला आपलं मानलेल्या या वास्तुविशारद बाई. त्या जागा पाहायला सुट्टीच्या दिवशी गेल्या, तेव्हा रिकाम्या कारखान्यात लोक आधीच येऊन बसले होते: मुलं चेंडू खेळत होती, आया मांस भाजत होत्या, जवळच बाहुल्यांचं नाटक चाललं होतं. लीनांनी शेड न पाडण्याचं ठरवलं. गिलावा खरवडून विटा आणि काँक्रीटचे सडपातळ खांब उघडे केले. छपरात मधे मधे काचेची कौलं घातली, कोकणातल्या घरात माजघरावर एखादं काचेचं कौल असतं तशीच. आणि मोठ्या दालनाच्या जमिनीत एक वळणावळणाचा, उथळ पाण्याचा प्रवाह आखला. तो साओ फ्रान्सिस्को नदीची आठवण करून देतो. त्याच्या काठावर म्हातारी माणसं पेपर वाचतात, मुलं पाण्यात हात घालतात. जवळच एक मोठी शेकोटी आहे. पाणी, विस्तव, उजेड आणि माणसं, एवढ्यावर ते दालन उभं आहे. त्यात कुंड्यांची गर्दी नाही.

बाहेर तर निसर्गानेच रचना ठरवली. आवाराच्या मधून एक ओढा बंदिस्त करून जमिनीखालून नेलेला होता आणि त्याच्यावर बांधकाम करता येत नव्हतं. लीनांनी खेळाचे मनोरे ओढ्याच्या दोन्ही बाजूंना उभे केले आणि वरून काँक्रीटच्या पुलांनी जोडले. ओढ्यावरच्या मोकळ्या पट्ट्यावर लाकडी फळ्या टाकल्या. समुद्र नसलेल्या त्या शहरात लोक तिथे पोहण्याच्या कपड्यांत ऊन खात पडतात आणि त्या पट्ट्याला चौपाटी म्हणतात. 1982 मध्ये केंद्राचा पहिला भाग उघडला, 1986 मध्ये मनोरे पूर्ण झाले.

मुंबईत या जातीचं काम बॅलार्ड इस्टेटमध्ये पाहायला मिळतं. तिथे बर्फाचा एक जुना, शंभरी ओलांडलेला कारखाना होता. मलिक आर्किटेक्चर या संस्थेने त्याचं कला आणि वास्तुकलेच्या केंद्रात रूपांतर केलं आणि 2022 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आवारातला वड तसाच ठेवून त्याच्या सावलीत बसण्या-खाण्याची जागा केली. आतली रचना मुख्यतः काढून टाकण्याची आहे: वर्षानुवर्षांचे थर, आडवे पडदे, नंतर केलेली बांधकामं उतरवून छपराच्या जुन्या कैच्या आणि भिंती मोकळ्या केल्या. बर्फाच्या कारखान्यासारखी इमारत निवडणं धाडसाचंच, आणि त्याची कारणं सांगायला हवीत.

लादीचा बर्फ तयार होतो तो मिठाच्या पाण्याच्या टाकीत. अमोनियाच्या यंत्रणेने ते खारं पाणी शून्याखाली थंड केलेलं असतं, पण मिठामुळे ते गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे बुडवून ठेवतात. लादी जमली की डबा वर उचलून साध्या पाण्यात क्षणभर बुडवतात, लादी सुटते आणि घसरत बाहेर येते. टाकीभोवती भुसा, बुचाचं लाकूड असं काहीतरी उष्णता अडवायला भरलेलं असतं. हे सगळं दशकानुदशकं चाललं की मीठ भिंतीत मुरतं. कारखाना बंद पडल्यावर भिंत सुकू लागते, आतलं मीठ ओलाव्याबरोबर पृष्ठभागाकडे येतं आणि तिथे त्याचे स्फटिक होतात. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. स्फटिक वाढताना विटेचा पापुद्रा सुटतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट लावला तर ओल आत कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत फुगे येऊन सगळं गळून पडतं. इथे चुना लागतो. चुन्याच्या गिलाव्यातून पाण्याची वाफ बाहेर पडते. मीठ आधी ओल्या कागदाच्या लगद्याचे लेप देऊन, ते वाळल्यावर काढून, पुन्हा देऊन हळूहळू खेचून घेतात. मग चुन्याचा पहिला थर मुद्दाम गमावण्यासाठी लावतात. उरलेलं मीठ त्यात येतं, तो खरवडून टाकला की कायमचा थर बसतो. चुना मळून मुरवून वापरणारे गवंडी आता कमी आहेत, पण दुर्मीळ झालेले नाहीत. किल्ल्यांची आणि देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे ते सापडतात.

वडापिंपळाचीही एक बाजू स्पष्ट सांगतो. पडक्या गिरणीच्या भिंतीतून बाहेर आलेला पिंपळ छायाचित्रात सुंदर दिसतो. पण पक्ष्याच्या विष्ठेतून फटीत पडलेल्या बीची मुळं चुन्याचा सांधा शोधत जातात आणि भिंत उकलतात. असं झाड कापून भागत नाही, मुळासकट मारावं लागतं. जमिनीत उभा असलेला वड मात्र ठेवायचा, त्याच्या बुंध्याभोवती फरशी न घालता माती उघडी ठेवायची, आणि पाया त्याच्यापासून लांब न्यायचा. एकाच कुळातल्या दोन झाडांबद्दल हे दोन वेगळे निर्णय आहेत.

समजा, इंडस्ट्रियल एरियात 60 फूट रुंद आणि 120 फूट लांब अशी एक बंद पडलेली शेड मिळाली, सेक्टर 30 पासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि तिथे दिवसा चालणारं कार्यालय करायचं आहे. काय करावं?

सुरुवात घाणीपासून. छताचे पन्हळी सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असतं. ते फोडायचे नाहीत, ओले करून, स्क्रू सोडवून अखंड उतरवायचे, आणि हे काम जाणकारांकडून मास्क लावूनच करून घ्यायचं. कोब्यात तेल मुरलेलं असेल तर जिथे झाड लावायचं तिथली माती तपासून, गरज पडल्यास खोलवर बदलायची. ही कामं फोटोत दिसत नाहीत, म्हणून अंदाजपत्रकात सगळ्यात आधी लिहावीत.

मग ऊन. चंडीगडमध्ये जूनच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून 83 अंशांवर असतो, डिसेंबरच्या दुपारी 36 अंशांवर. दक्षिणेच्या पाच फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला तर जूनच्या माध्यान्ही तिची पूर्ण काच सावलीत राहते, आणि डिसेंबरात वरचं दीड फूट सोडून बाकी काचेतून ऊन आत येतं. तिथल्या हिवाळ्यात, धुक्याने गारठलेल्या सकाळनंतर, ते ऊन औषधासारखं लागतं. पश्चिमेच्या भिंतीला छज्जा उपयोगी पडत नाही, कारण संध्याकाळचा सूर्य खाली असतो. तिथे भिंतीपासून फूटभर अंतरावर तारा ओढून मधुमालतीचा वेल चढवावा. विटेची जाड भिंत दिवसभरात शोषलेली उष्णता काही तासांनी आत सोडते. सहाला बंद होणारं कार्यालय त्यातून सुटतं. त्याच जागेत कुणी राहणार असेल तर हाच वेल दुप्पट महत्त्वाचा ठरतो.

शेडच्या मध्यभागी छपराचे दोन गाळे काढून टाकावेत आणि खाली कोबा फोडून चौक करावा. वाड्यातला चौक मराठी वाचकाला समजावून सांगायला नको: आकाश, पागोळ्या, मधोमध तुळस किंवा हौद. इथे झाड कोणतं, हा प्रश्न मात्र अवघड आहे. उन्हाळ्यात दाट सावली आणि हिवाळ्यात मोकळं आकाश हवं. अमलतास सगळ्यांचा लाडका, पण तो नेमका एप्रिल-मेच्या तलखीत पानं टाकतो आणि फुलांवर उभा राहतो. डोळ्यांना सुख, डोक्याला ऊन. पंजाबात याला उत्तर आहे: तुती किंवा बकाणा निंब. दोन्ही हिवाळ्यात निष्पर्ण होतात आणि मार्चमध्ये नव्या पानांनी भरतात. पुण्यात किंवा नागपुरात ही निवड आंधळेपणाने उचलू नये. तिथला हिवाळा वेगळा, गरज वेगळी.

चौकात उथळ पाणी असावं का? मे महिन्यात, लू वाहत असताना, पाण्यावरून येणारी हवा खरोखर थंड होते. विदर्भातला वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. जुलैत तेच पाणी दमटपणा वाढवतं आणि डास पोसतं. म्हणून पाणी रिकामं करता येईल असं ठेवावं, आणि पावसाळ्यात तिथे कोरड्या दगडांचं तळ दिसावं. ऋतूप्रमाणे खोलीचं रूप बदलावं, यालाही मी निसर्गाशी जोडलेलं अंतरंगच म्हणेन.

आतल्या वस्तूंसाठी चंडीगडला परदेशी मासिकं चाळायची गरज नाही. पियरे झानरे यांनी या शहराच्या कार्यालयांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या घडवल्या. उन्हाळ्यात पाठीला घाम येऊ नये इतकी वेताची वीण मोकळी असते. त्या खुर्च्या पुढे भंगार म्हणून विकल्या गेल्या, परदेशातल्या लिलावांत मोठ्या किमतींना पोचल्या, आणि 2011 मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर बंदी आणावी लागली. आज स्थानिक सुतार आणि वेतकाम करणारे त्याच पद्धतीची नवी बैठक करून देतात. टाकाऊ माल वापरायचा तर नेकचंद यांचं रॉक गार्डन याच शहरात आहे. सरकारी रस्ते निरीक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेच्या बटणांचे तुकडे यांतून माणसं, प्राणी आणि पक्षी उभे केले. 1976 मध्ये ते उद्यान लोकांना खुलं झालं. फुटक्या चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची गच्ची ऊन परतवते. शेडशेजारी सपाट छप्पर असेल तर तिथे ती जरूर करावी.

आवाजाची गोष्ट बहुतेक जण विसरतात. उंच छप्पर, विटेची भिंत, कोब्याची जमीन: अशा दालनात वीस माणसं बोलली की कल्लोळ होतो, कारण आवाज शोषायला मऊ काहीच नाही. बाजारात यासाठी फोमच्या पाट्या मिळतात. आपल्याकडे धनगरांच्या हातमागावरची घोंगडी आहे. दख्खनी मेंढीची राठ, जाड लोकर आवाज चांगला पिते. भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर ठेवून ती टांगली तर मागच्या पोकळीमुळे खालच्या पट्टीचे आवाजही काही प्रमाणात शोषले जातात. सोलापूर-सांगलीकडची घोंगडी चंडीगडच्या शेडमध्ये लटकताना मला मनापासून पाहायची आहे.

जमिनीत यंत्रांचे पाय जिथे बसवलेले होते तिथले बोल्ट आणि चौथरे शक्य तेवढे ठेवावेत. अडखळायला होणार नाही अशा ठिकाणी त्यांची बाकं होतात, कुंड्यांचे चौरंग होतात. तिथे कोणतं यंत्र होतं आणि त्यावर काय बनायचं, हे शेजारच्या भिंतीवर चार ओळींत लिहावं. गिरणगावात गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या गेल्या, काही ठिकाणी चिमणी तेवढी उरली. फिनिक्स गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये ती आजही उभी आहे, पण तिच्याखाली कुणी किती तास काम केलं हे तिथे फिरणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो.

शेवटी पन्हळ. करवती छपराच्या दोन दातांमधल्या खोलगट जागेत पावसाचं पाणी जमा होतं आणि तिथल्या पन्हळीतून खाली उतरतं. चौकात झाड लावलं की त्याची पानं वाऱ्याने तिथेच जाऊन बसतात. पन्हळ तुंबली तर पाणी पत्र्याखालून आत येतं, कैचीच्या टोकाशी साचतं आणि लोखंड तिथे गंजतं. करवती छपरांचा घात बहुधा याच एका जागी होतो. म्हणून पन्हळ हात घालून साफ करता येईल एवढी रुंद हवी, तोंडाशी जाळी हवी, आणि वर जायला कायमची शिडी व कंबरपट्टा अडकवायला कडी हवी. नोव्हेंबरात पानगळ सुरू झाल्यापासून महिन्यातून एकदा, आणि जूनच्या मध्याला, पहिला पाऊस येण्याआधी, पुन्हा एकदा, कुणी वर चढायचं त्याचं नाव आणि त्याचा मेहनताना वार्षिक खर्चात पहिल्या वर्षापासून लिहून ठेवावा.